कडक भाकरी सादळते, बायकांचं डोकं दुखतं: दोन्हीचं मूळ एकच निघालं

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं कडक भाकरीचं घरगुती काम आहे. मागच्या खोलीत चार शेगड्या आहेत. मी, सासूबाई आणि कामाला येणाऱ्या तिघी अशा आम्ही पाच जणी सकाळी सहाला पीठ मळायला घेतो आणि बाराच्या सुमाराला पाकिटं बांधून उठतो. दोन हिवाळे एकाच त्रासाने आम्हाला पिडलं. तो कशाने होता आणि कसा गेला, हे सविस्तर लिहिते. ज्यांच्या घरात शेगडी तासन्‌तास पेटलेली असते किंवा मोरीत गॅस गिझर आहे, त्यांनी जरूर वाचावं.

तक्रारी दोन होत्या आणि त्या आम्हाला वेगवेगळ्या वाटत होत्या. पहिली दुकानदारांची. नव्या पेठेतल्या एका दुकानातून पाकिटं परत यायला लागली, म्हणे भाकरी सादळलीय, पापडासारखी मोडत नाही. दुसरी आमची स्वतःची. दहा वाजले की कपाळावर दोरी आवळल्यासारखं व्हायचं, मळमळायचं, पाय जड पडायचे. "वहिनी, डोस्कं लै दुखायलंय की ओ," असं एकीने म्हटलं की पाच मिनिटांत दुसरीही तेच म्हणायची. अंगणात जाऊन बसलं की अर्ध्या तासात बरं वाटायचं. आत आलं की पुन्हा तेच.

भाकरीसाठी आधी पिठाला दोष दिला. मंगळवेढ्याची मालदांडी सोडून दुसरीकडची ज्वारी आणली, पुन्हा मालदांडीवर आलो. भाकरी आणखी पातळ थापली, मंद आचेवर जास्त वेळ शेकली, पाकिटाची पिशवी जाड घेतली. काहीच फरक नाही. डोकेदुखीला सगळ्यांनी पित्त ठरवलं. आवळा झाला, कोकम झालं, सकाळचा चहा बंद झाला, एकीचे डोळे तपासून चष्मा झाला. सासूबाई म्हणाल्या, आगीपुढे बसल्यावर डोकं दुखणारच, आमचं काय दुखत नव्हतं? त्यांच्या या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. त्यांचं खरंच दुखत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. ते पुढे सांगते.

मग आम्ही एक्झॉस्ट फॅन बसवला. इथे खरा पेच पडला, कारण फॅन लावल्यावर त्रास कमी होण्याऐवजी वाढला. म्हणजे रोज वाढला असंही नाही. तीन-चार दिवस बरं जायचं आणि मग एक दिवस असा यायचा की साडेसात-आठलाच सगळ्या हातातलं काम टाकून बाहेर. एकदा आमच्यातली धाकटी उंबऱ्यातच खाली बसली. तिला पाचवा महिना होता. त्या दिवशी मी तिला पगारी रजा देऊन घरी पाठवलं आणि ठरवलं की कारण सापडेपर्यंत तिला या खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही.

उलगडा भिंतीवरच्या कॅलेंडरने केला. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवसाभोवती मी निळ्या पेनाने गोल करते. धाकटी बसली त्या दिवसापासून, जास्त त्रास झाला की त्या तारखेवर लाल फुली मारायला लागले. तीन आठवड्यांनी पाहिलं तर एक सोडून प्रत्येक लाल फुली निळ्या गोलात होती.

पाण्याचा आणि डोकेदुखीचा काय संबंध? तो दिवस आठवून पाहिला. पाणी आलं की घरातले सगळे डोक्यावरून अंघोळ करतात, वरच्या मजल्यावरचे दीरही खाली येतात, गोधड्या गरम पाण्यात भिजतात. इतर दिवशी अर्ध्या बादलीवर भागतं. म्हणजे पाण्याच्या दिवशी मोरीतला गॅस गिझर दीड-दोन तास जवळजवळ सलग चालतो. आणि मोरीचं दार भाकरीच्या खोलीतच उघडतं.

शेगडी दुरुस्त करायला एक मामा आमच्याकडे वर्षानुवर्षे येतात. त्यांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी फॅनकडे पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली आणि एकच प्रश्न विचारला: "ताई, हवा बाहेर काढायलात, पण आत कुठनं यायलीय?"

कुठूनच येत नव्हती. थंडी म्हणून अंगणाचं दार लावलेलं. खिडकीतून वारा आला की ज्योत फडफडते आणि भाकरी एका बाजूने करपते, म्हणून खिडकी बंद. उरलं ते मोरीचं दार, तेही खाली दोन बोटं फट असलेलं.

मामांनी देवघरातली उदबत्ती मागून घेतली. फॅन बंद ठेवून ती मोरीच्या दाराच्या फटीपाशी धरली. धूर सरळ वर गेला. फॅन लावायला सांगितला, आणि तोच धूर आडवा होऊन दोरा ओढावा तसा खोलीत आला. मोरीत दोघांच्या अंघोळी होईपर्यंत गिझर चालू होता. म्हणजे गिझरची जळकी हवा आमचा फॅन ओढून आणत होता, ती आमच्या नाकापुढून जात होती आणि मग बाहेर पडत होती. मोरीची स्वतःची खिडकी ह्यांनी थंडीचं वारं लागतं म्हणून पत्रा ठोकून बंद केली होती. फॅनमध्ये काही बिघाड नव्हता. त्याला बाहेरची हवा मिळाली नाही म्हणून त्याने मिळेल तिथून ओढली.

उदबत्तीची ही परीक्षा कोणीही घरी करू शकतं. फॅन लावा, दारं रोज असतात तशीच ठेवा आणि प्रत्येक फटीपाशी उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते बघा. फक्त आधी गॅसचा वास येत नाही याची खात्री करा. वास असेल तर उदबत्ती, काडी, बटण कशालाच हात लावायचा नाही.

आता हे नेमकं काय घडतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय मला दुरुस्ती पटली नसती.

आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन असतात. १ किलो गॅस पुरता जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. ती मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते: १ किलो गॅसमागे साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून जास्त पाणी. हवा कमी पडली, किंवा तीच जळकी हवा पुन्हा बर्नरकडे आली, की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्याला झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण रक्त ऑक्सिजन नेऊ शकत नाही. सिलिंडर गळला की जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो आणि गॅस जळला की तोही जळून जातो. त्यामुळे "वास येत नाही म्हणजे सगळं ठीक" हे गळतीपुरतं खरं आहे, जळक्या हवेला ते लागू नाही.

मी आमचा हिशेब मांडला. आमची १९ किलोची व्यापारी टाकी तीन दिवस पुरते. दिवसाला सहा तास धरले तर १८ तासांत १९ किलो, म्हणजे तासाला साधारण १ किलो. खोली दहा बाय बारा, उंची नऊ फूट: १०८० घनफूट, सुमारे ३० घनमीटर. तासाला १२ घनमीटर हवा शेगड्याच खातात. दारं-खिडक्या लावून अडीच तास काम केलं की खोलीभर हवेचा हिशेब संपला, आणि श्वास घेणाऱ्या आम्ही पाच जणी त्यात धरलेल्याच नाहीत. फटीतून थोडीफार हवा येत राहते म्हणून आम्ही आज बसून लिहितोय.

आणि ते पाणी! तासाला दीड किलो पाणी वाफ होऊन त्याच बंद खोलीत राहायचं. पहाटे भिंतीवर हात फिरवला की ओला लागायचा. खिडकीच्या काचेवर थेंब धरायचे. तांब्याच्या हंड्यावर तर घाम फुटल्यासारखे ओघळ यायचे. आम्ही ते थंडीमुळे समजत होतो. त्या ओल्या हवेत कडक भाकरी थंड व्हायला ठेवली की ती हवेतलं पाणी ओढणारच. पिठाची काही चूक नव्हती, पाकिटाचीही नाही. भाकरी सादळत होती आणि आमचं डोकं दुखत होतं, दोन्ही एकाच कोंडलेल्या हवेने.

सासूबाईंचं डोकं का दुखत नव्हतं, तेही इथेच आहे. आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं होतं. माळवदाला चुलीच्या बरोबर वर साणं, म्हणजे धूर जायचं भोक, असायचं, पावसात त्यावर फरशी सरकवायची. लाकडाचा धूर डोळ्यात जायचा, खोकला यायचा, म्हणून साणं बंद ठेवायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं. चुलीचा धूर चांगला होता असं मी म्हणत नाही, तो फुप्फुसाला वाईटच. पण तो दिसायचा. पुढे माळवद पाडून स्लॅब घातला, चूल जाऊन शेगडी आली, आणि धूरच नाही तर भोक कशाला म्हणून साणं कायमचं गेलं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत असंच झालंय. लूमच्या (यंत्रमागाच्या) आवाजासाठी, धुळीसाठी, चोरांसाठी आपण एकेक भोक बुजवत गेलो.

उन्हाळ्यात आम्हाला काही त्रास का नव्हता, हेही आता सांगायला नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात दार लावून शेगडीपुढे बसणारी बाई मी पाहिलेली नाही. दिवाळीनंतर दारं लागतात. त्यात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत आमची मागणी दुप्पट होते, शेगड्या जास्त वेळ चालतात, पहाटेच्या अंघोळीही वाढतात. सगळा जोर संक्रांतीच्या आसपास एकत्र यायचा.

काय काय बदललं

सगळ्यात आधी गिझर मोरीतून काढला. तो आता मागच्या अंगणाच्या भिंतीवर आहे, वर पत्र्याची उतरती टोपी, तिन्ही बाजू मोकळ्या, सिलिंडरही बाहेरच. गरम पाणी पाइपने आत येतं. याचा एक तोटा आहे, तो सांगते: पाइप लांब झाला म्हणून सुरुवातीचं दोन-तीन तांबे पाणी गार येतं. आमच्याकडे पाणी वाया घालवायची सोय नाही, त्यामुळे ते बादलीत धरून भांड्यांना वापरतो. मोरीच्या खिडकीवरचा पत्राही काढला.

मग भाकरीच्या खोलीला हवा येण्याची वाट केली. अंगणाच्या भिंतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर एक फूट बाय एक फूट भोक पाडून लोखंडी जाळी बसवली, आणि फॅन समोरच्या भिंतीत छताजवळ हलवला. गार हवा खालून येते, तापलेली ओलसर हवा वरून जाते, आणि जाताना आख्ख्या खोलीतून फिरून जाते. पूर्वी फॅन खिडकीशेजारी होता. खिडकी उघडली असती तरी त्याने शेजारचीच हवा ओढून बाहेर टाकली असती आणि शेगड्यांपाशी काही पोचलं नसतं. खालच्या जाळीचा दुसराही फायदा आहे. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यालाही बाहेर जायला वाट मिळते. म्हणून सिलिंडर खड्ड्यात, तळघरात किंवा ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवू नये.

फॅन घेताना खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा काढतो ते लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. मिस्त्रीने आमची खोली ३० घनमीटर आणि तासाला २० वेळा हवा बदलायची असं धरून ६०० च्या पुढचा सांगितला. पण आत यायची वाट नसेल तर आकडा कितीही मोठा असो, तो फॅन नुसता गरगरतो.

ज्योत फडफडायची अडचण खिडकी बंद करून सोडवायची नाही, हे आम्ही उशिरा शिकलो. जाळी शेगड्यांच्या थेट रेषेत घेतली नाही. शेगड्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला टीनच्या पत्र्याचा वीतभर उंच आडोसा उभा केला, एकाच बाजूला, चारही बाजूंनी गुंडाळलेला नाही. चारही बाजूंनी झाकलं तर बर्नरची हवा तुटते आणि पुन्हा पहिलंच.

बर्नर आणि पीठ

आमच्यासारख्या कामात आणखी एक गोष्ट बिघडते ती पिठामुळे. भाकरी थापताना पीठ उडतं आणि बर्नरच्या नळीला जिथे हवा आत घ्यायची भोकं असतात तिथे बसतं. वर तेलकटपणा असतो, त्यात ते चिकटून लेप होतो. मामांनी एक बर्नर उलटा करून दाखवला तर भोकाच्या जागी राखाडी पापुद्रा होता, नखाने खरवडावा लागला. हवेची भोकं अर्धी बुजली की ज्योत पिवळी होते, लांब होते, तव्याच्या बुडाला काजळी धरते. तवा काळा व्हायला लागला की आम्ही जास्त घासायचो, बर्नर कधी बघितला नव्हता.

आता दर आठवड्याला शेगडी थंड असताना, सिलिंडर बंद करून, कोरड्या मऊ ब्रशने ही भोकं साफ करतो. बर्नरची टोपी ब्रशने घासून, कोरडी करून बसवतो. जेटच्या, म्हणजे गॅस जिथून बर्नरमध्ये येतो त्या तोंडाच्या, बारीक भोकात सुई किंवा तार घालू नका, ते भोक थोडं जरी मोठं झालं तर गॅस जास्त येतो आणि हवा त्याला पुरत नाही. ते काम मिस्त्रीचं. घरगुती शेगडीला ठरलेला कमी दाबाचा रेग्युलेटरच हवा. आच वाढावी म्हणून कोणी दुसरा लावून देतो म्हणालं तर लावू देऊ नका.

ज्योत निळी आणि घट्ट असावी हे खरं, पण निळी दिसते म्हणून निश्चिंत होऊ नका. बंद खोलीत ज्योत बरी दिसत असतानाही कार्बन मोनॉक्साइड वाढू शकतो. आमच्या गिझरची ज्योत निळीच होती.

मोरीत गिझर असलेल्यांसाठी

हे वाचणाऱ्या बहुतेकांकडे भाकरीचं काम नसेल, पण मोरीत किंवा बाथरूममध्ये गॅस गिझर असेल. तुमचा धोका आमच्यापेक्षा मोठा आहे, कारण तुमची खोली लहान आहे आणि आतून कडी असते.

चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे १९२ घनफूट, साडेपाच घनमीटरही नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला ९०० ग्रॅमच्या आसपास गॅस घेतो. पंधरा मिनिटं चालला तर सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेतीन घनमीटर हवा. एका माणसाच्या अंघोळीत अर्ध्या बाथरूमची हवा. दुसरा माणूस लगेच आत गेला, वर खिडकी बंद, तर काय होईल ते तुम्हीच बघा. आपल्याकडच्या मेंदुविकार तज्ज्ञांनी असे इतके रुग्ण पाहिले आहेत की डॉक्टर मंडळी त्याला गॅस गिझर सिंड्रोम म्हणतात. अंघोळ करताना माणूस कोसळतो, कधी झटके येतात, आणि घरच्यांना वाटतं फिट आली.

यावर उपाय एकच मोठा: गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त पाइप. आयएसआय चिन्हाचा गिझर घ्या, जरूर घ्या, पण चिन्ह असलेल्या गिझरलाही जळायला हवा तेवढीच लागते. बाहेर नेणं आजच्या आज जमत नसेल तर तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा बदलू द्या आणि मगच अंघोळीला आत जा. गिझर चालू ठेवून शॉवरखाली उभं राहायचं नाही. एकामागून एक अंघोळी करायच्या नाहीत. लहान मुलांना आणि पोटुशी बाईला तर अजिबात नाही, कारण पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही जास्त बाधतो.

सोलापूरचं पाणी, त्यातही बोअरचं, जड आहे. गिझरच्या आतल्या तांब्याच्या नळीत क्षार धरतात आणि पाण्याची धार बारीक होते, तेवढं आपल्या लक्षात येतं. पण बाहेरून त्याच नळीच्या पंखांवर काजळी बसते ती दिसत नाही. पंखांमधली वाट काजळीने बुजली की जळकी हवा वर निघत नाही, ज्योतीला ताजी हवा मिळत नाही, आणि काजळी आणखी वाढते. गिझरच्या वरच्या फटीभोवती काळपट डाग पडला असेल तर तो चालवू नका, आधी खोलून साफ करून घ्या. दिवाळीआधी एकदा हे काम करून घेतलेलं बरं.

ओळखायचं कसं

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायातलं बळ जाणं हे पित्ताचंही असतं, फ्लूचंही असतं. तीन खुणांवर लक्ष ठेवा. त्रास एकाच खोलीत किंवा गॅसचं एकच उपकरण चालू असताना होतो. एका वेळी एकाहून जास्त जणांना होतो. आणि बाहेरच्या हवेत गेलं की उतरतो. आम्हाला तिन्ही लागू होत्या. फ्लूसारखं वाटतंय पण अंगात ताप नाही, हीही एक खूण.

बाथरूममधून हाक देऊन उत्तर आलं नाही तर वाट बघू नका, दार तोडा. दार-खिडकी उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. आत शिरणाऱ्याने तिथे रेंगाळू नये, नाहीतर दोघे पडतात. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की गॅस गिझर चालू होता, किंवा बंद खोलीत शेगडी चालू होती. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालं वाटतं आणि आकडा ९८ सुद्धा दाखवतो. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. माणूस शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्याच. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात, दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजन लावला की साधारण तास-दीड तासात.

नुसता गॅसचा वास येत असेल तर गोष्ट वेगळी: रेग्युलेटर बंद, दारं उघडी, बटणांना हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.

आम्ही एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही घेतला. गिझर बाहेर नेण्याच्या आदल्या दिवशी, पाण्याच्या दिवशीच, मुद्दाम जुन्या पद्धतीने सगळं चालू करून बघितलं. खोलीत कोणी बसलं नाही, मी दारातून बघत होते. मोरीत पाण्याची धार सुरू झाली, फॅन लावला, आणि शून्यावर असलेला आकडा हलायला लागला. वीसेक मिनिटांत भोंगा वाजला. सासूबाई अंगणातून उठून दारापर्यंत आल्या, त्या डबीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात आपण रोज बसत होतो?" दोन वर्षं पित्त-पित्त म्हणत आम्ही तिघींना त्या खोलीत बसवलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

अलार्म घेताना युरोपातल्या ईएन ५०२९१ या मानकाचा बघा. तो ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तास-दीड तासाने वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. डोक्याच्या उंचीला लावा, शेगडीच्या थेट वर नको, वाफेच्या मोरीत नको. अलार्म बसवला म्हणून जाळी बुजवायची असं मात्र कोणी करू नका.

आता आमच्याकडे पाण्याच्या दिवशीही लाल फुली पडत नाही. धाकटी बाळंतपणानंतर परत कामाला आलीय, बाळ चांगलं आहे. पाकिटं परत येणं थांबलं, थंडीतही भाकरी कुर्रकन मोडते. थंडी मात्र वाजते. पहाटे खालच्या जाळीतून पायाला गार लागतं म्हणून सगळ्या जणी पाय सोलापुरी चादरीत गुंडाळून बसतात. एकीने पहिल्याच आठवड्यात जाळीला पोतं लावलं होतं, ते काढलं आणि तिला आडोशाच्या बाजूला जागा दिली.

एक काम अजून नीट बसलेलं नाही. डासांसाठी जाळीला आतून बारीक नायलॉनची जाळी लावली आहे, ती पंधरा दिवसांत पिठाने पांढरी होते आणि हवा निम्म्यावर येते. उदबत्ती धरली की लगेच कळतं, धूर आत वळायचा मंदावतो. सध्या ती दर पाण्याच्या दिवशी काढून धुतो, कॅलेंडरवरच्या निळ्या गोलात आता त्याचीही एक खूण असते.